प्रीतीचा हेवा

मंगळवार पेठ, कोल्हापूर
९ जून २०२५

मीनाबाई यांस,
सलाम.

तुमची मोठी पितळी परात आमच्याकडे राहिली आहे. जाताना तुम्ही ती मागितली नाहीत आणि मीही आठवण केली नाही. संग्राम कधी कोल्हापूरला आला तर घेऊन जा म्हणावं. तुम्हाला चार वेळा फोन लावला. चारही वेळा तुमच्या मुलानं, संग्रामनंच उचलला आणि "आई कामात हाय" म्हणून ठेवून दिला. कबनूरला जाऊन महिना नाही झाला तोवर तुम्हाला एवढं कसलं काम लागलं कोण जाणे, म्हणून शेवटी पत्र लिहायला बसले. माझं अक्षर तुम्हाला लागायचं नाही हे मला माहीत आहे. वरच्या माडीवर राहत होता तेव्हा तुमचं लाइटबिलसुद्धा मीच वाचून दाखवायचे. तेव्हा हे पत्र तुमची नात क्रांती वाचणार. क्रांती, बाळ, सावकाश वाच आणि गाळू काही नकोस.

मावशी न लिहिता मीनाबाई लिहिलं आहे, ते चुकून झालेलं नाही.

मोना मजेत आहे. पुष्कळ बोलते. राजारामपुरीच्या मॅडम, ज्यांच्याकडे मी तिला बोलायला शिकवण्यासाठी नेते, त्यासुद्धा म्हणाल्या की सात वर्षांत तोंडातून शब्द काढला नाही आणि आता थांबत नाही. सकाळी डोळे उघडले की आई, आई. तुमची आठवण तिनं एकदाही काढली नाही. मुलांचं तसंच असतं, त्यांना मागचं फार दिवस राहत नाही.

तुमच्या खोलीला अजून भाडेकरू मिळालेला नाही, कुलूप आहे. मोनाचे पप्पा दुसऱ्या शनिवारी पुण्याहून येतात आणि रविवारी जातात. बाकी प्रभूच्या कृपेनं सगळं ठीक. परातीचं तेवढं बघा.

प्रीती


२२ जून २०२५

मीनाबाई,
सलाम.

पत्राला उत्तर नाही, परातीला माणूस नाही. तुम्ही रागावलेल्या आहात हे कळलं.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. मोना बोलत नाही. तुम्ही गेलात त्या दिवसापासून एक शब्द नाही. शाळेतून आणली की दप्तर टाकते आणि जिना चढून तुमच्या कुलपापाशी जाऊन बसते. हाताला धरून खाली आणली तर मुकाट्यानं येते, हात सोडला की परत वर. राजारामपुरीच्या मॅडमनी विचारलं, घरात काही बदल झाला का हो? मी म्हटलं, छे, काहीच नाही.

हे ऐकून तुम्हाला बरं वाटत असेल तर वाटू दे. मला तुमच्या जागी वाटलं असतं.

माझं नाव आजोबांनी ठेवलं. ते सुवार्तिक होते, ख्रिस्ताची वार्ता सांगत गावोगाव सायकलवरून फिरत. प्रीतीला हेवा ठाऊक नसतो, असं आमच्याकडे प्रत्येक लग्नात बायबलातून वाचून दाखवतात आणि दर वेळी कुणीतरी माझ्याकडे वळून हसतं. मीही हसते. मीनाबाई, मी तुमचा एवढा हेवा केला आहे की तो माझ्या अंगाला लागला असता तर मी चांगली बाळसेदार झाले असते. जावेच्या फ्लॅटचा केला नाही, बहिणीच्या सोन्याचा केला नाही. मिरच्यांची देठं खुडणाऱ्या बाईचा केला.

ती दुपार तुमच्या लक्षातही नसेल. ईस्टरच्या आधीचा आठवडा होता. सकाळची शाळा, त्यात मी नेहमीपेक्षा तासभर आधी सुटले आणि तुमच्याकडे ठेवलेल्या मोनाला न्यायला वर आले. चटणीचे दिवस, सगळ्या माडीला मिरच्यांचा झोंबरा खाट सुटलेला. तुम्ही परातीच्या एका बाजूला, ती दुसऱ्या बाजूला. मी दारातच थांबले, कारण तिच्या हाताला तिखट बघून मी आता तुम्हाला काहीतरी बोलणार होते. तुमचं आपलं नेहमीचं चाललं होतं, स्वतःच विचारायचं आणि स्वतःच उत्तर द्यायचं. "ही किडकी हाय का? हाय की. टाकू व्हय? टाक की." मग त्याच सुरात तुम्ही म्हणालात, "भूक लागली का गं?"

मोना म्हणाली, "व्हय."

तुम्ही मानसुद्धा वर केली नाहीत. "मग जा, हात धू जा साबणानं," म्हणालात आणि पुढची मिरची उचललीत. जणू ही पोरगी रोजच उत्तरं देत होती. ती उठून हात धुवायला गेली. मी दाराला धरून उभी होते आणि तुम्हाला मी आलेलंसुद्धा कळलं नव्हतं.

पाच वर्षं मी तिला आरशासमोर बसवलं. तिच्या गालाला बोटं लावून आ म्हण, ई म्हण, आई म्हण. चित्रांची कार्डं केली. पहिलीच्या बेचाळीस पोरांना मी दर वर्षी वाचायला शिकवते, पालक मला पेढे देतात, आणि घरी येऊन या एकीसमोर मी रोज नापास. तीन वर्षं शुक्रवारचा उपास धरला. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, तर पाणीसुद्धा घेत नव्हते. आणि पत्ता चुकलेल्या पोस्टमननं टाकावं तसं देवानं उत्तर टाकलं ते तुमच्या दारात. तुम्ही मागितलंही नव्हतं. नंतर मी विचारलं, मावशी, काय केलंत तुम्ही? तर म्हणालात, "मी काय करतोय बाई? मिरच्या निवडत हुतो की."

आणि शब्द तरी कुठला. 'हो' नाही, 'व्हय'. वर्गात ज्या शब्दाखाली मी रोज लाल रेघ ओढते तो.

त्या संध्याकाळी मी तिला मांडीवर घेऊन दोन तास बसले. म्हण ना बाळा, व्हय म्हण, आईला एकदा म्हणून दाखव. तिनं ओठ आत ओढून घेतले. शेवटी रडायला लागली तेव्हा मी सोडलं.

प्रीती


६ जुलै २०२५

मीनाबाई,
सलाम.

क्रांतीचं कार्ड मिळालं. अक्षर चांगलं आहे. त्यात लिहिलंय, "आजी म्हणती परात ऱ्हाऊ दे. पोरगीला जिन्यात बसू दिऊ नका, कठडा न्हाय तितं. आणि आजी म्हणती, तुमच्या चर्चात काय सांगून आलाय ते आधी बघा."

दोन दिवस मी तुमच्यावर जळत होते. पोरीच्या कठड्याची काळजी तुम्हाला, आणि ती तुम्हीच मला शिकवणार. आज रविवार. उपासनेहून आले, जेवले नाही, आणि आता लिहिते. क्रांती, हे वाचताना तुला माझी लाज वाटली तर वाटू दे, पण वाच.

आमच्याकडे उपासनेत गाणं झालं की पाळकसाहेब विचारतात, कुणाला साक्ष द्यायची आहे का? मग देवानं ज्याच्यासाठी काही केलं असेल तो उभा राहून सगळ्यांसमोर सांगतो. कुणाला नोकरी लागलेली असते, कुणाची गाठ साधी निघालेली असते. सात वर्षं मी दुसऱ्यांच्या साक्षी ऐकल्या. तोंडानं स्तुती असो म्हणत होते आणि मनात म्हणत होते, हिला का आणि मला का नाही. म्हणून ईस्टरच्या दिवशी, चर्च काठोकाठ भरलेलं असताना, मी उभी राहिले. खोटं बोलायचं असं ठरवून मी गेले नव्हते. मी म्हटलं, माझी मोना बोलली. पाळकसाहेबांनी मायेनं विचारलं, "काय म्हणाली आमची मोना?"

व्हय हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. पण तो सांगितला की कुणाला म्हणाली, कुठे म्हणाली, तेही सांगावं लागणार. मग माझ्या साक्षीत तुमची माडी येणार, मिरच्या येणार, तुम्ही येणार, आणि मी कुठेच नसणार. मी म्हटलं, संध्याकाळची प्रार्थना संपवून मी डोळे उघडले आणि ती म्हणाली, आमेन.

बायका रडल्या. पुरुषसुद्धा डोळे पुसत होते. मागच्या बाकावर रूपाली बसली होती, जिचा पाच वर्षांचा मुलगा अजून उभा राहत नाही. ती माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती ती मी लगेच ओळखली, कारण तीन दिवस मी तुमच्याकडे तशीच बघत होते. आणि मीनाबाई, मला ती नजर आवडली. कुणीतरी माझा हेवा करतंय हे मला आयुष्यात पहिल्यांदा मिळत होतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी माझ्या तोंडानं सांगते. त्या गुरुवारी महिला मंडळाच्या बायका केक घेऊन आल्या. मोनाला आमेन म्हणायला लावायला लागल्या, ती पलंगाखाली जाऊन बसली. तेवढ्यात तुम्ही चटणीचा डबा द्यायला खाली आलात. त्यांच्यातल्या एकीनं विचारलं, तुम्ही शेजारी ना, तुम्ही ऐकलं का तिचं आमेन? तुम्ही साधेपणानं म्हणालात, "आमेन? न्हाय बा. व्हय म्हणती ती. माझ्यासंगं म्हणती की, चार-पाच बारी म्हणाली."

चार-पाच वेळा. मी एकदाच ऐकलं होतं. बाकीचं तुम्ही मला सांगितलंसुद्धा नव्हतं. माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर मी म्हटलं, त्यांना कानानं कमी ऐकू येतं. आणि तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी म्हटलं, पोटचा पोरगा विचारत नाही म्हणून या दुसऱ्याच्या पोरीवर हक्क सांगतात.

तुम्ही डबा ओट्यावर ठेवलात आणि गेलात. दुसऱ्या दिवसापासून मी मोनाला वर पाठवलं नाही. पंधरा दिवसांत संग्राम टेम्पो घेऊन आला.

आज संडे स्कूलमध्ये पोरांकडून दहा आज्ञा पाठ करून घेत होते. मी बाहेर चपला घालत होते. खोट्या साक्षीची आज्ञा आली, आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको. लहानपणापासून शंभर वेळा म्हटली असेन, पण त्या आज्ञेत शेजाऱ्याचं नाव आहे हे आज कानात शिरलं. मी साक्ष दिली, खोटी दिली, आणि शेजारणीविरुद्ध दिली. तिन्ही एकदम साधलं. घरी येईपर्यंत मोना माझं बोट धरून चालत होती, आणि आल्याबरोबर जिन्याकडे गेली. मी आज तिला अडवलं नाही, तिच्या शेजारी पायरीवर बसले. ती उठून दोन पायऱ्या वर जाऊन बसली.

प्रीती


२० जुलै २०२५

मीनामावशी,
जयभीम आणि सलाम.

आज सांगून आले. साक्षीची वेळ आली तेव्हा मी उभी राहिले. बायकांना वाटलं मोना आणखी काही बोलली असणार. रूपालीनं तर पोराला मांडीवर सरळ करून बसवलं, नीट ऐकायला. मी म्हटलं, ईस्टरला मी दिलेली साक्ष खोटी होती. माझी मुलगी आमेन म्हणाली नाही. ती व्हय म्हणाली आणि ते मला नाही, आमच्या वरच्या मीनामावशींना म्हणाली. मी हेव्यापोटी खोटं बोलले आणि घरी आलेल्या बायकांसमोर त्यांनाच खोटं पाडलं. त्या आता कबनूरला गेल्या आणि मोना परत गप्प आहे.

बसताना माझा गुडघा बाकाला आपटला, तो आता सुजला आहे. पुढचं गाणं लागायला जरा वेळच लागला, पेटीवाल्याला पान सापडेना.

बाहेर आल्यावर पाळकसाहेब जवळ आले. भला माणूस आहे. म्हणाले, "प्रीतीताई, आमेनचा तरी अर्थ दुसरा काय? होय, तसंच होवो. म्हणजे मोना आमेनच म्हणाली की." आजूबाजूच्यांना ते फार आवडलं. मला नाही आवडलं. एवढं सोपं असतं तर तीन महिने मला अन्न गोड का नाही लागलं? मी त्यांना म्हटलं, साहेब, तिला भूक लागली होती आणि कुणीतरी विचारलं म्हणून ती व्हय म्हणाली. तो शब्द मावशींचा आहे, त्याला आता आपल्यात ओढायला नको.

केक आणणाऱ्यांपैकी दोघी मला टाळून निघून गेल्या. रूपाली मात्र फाटकापाशी थांबली होती. मला वाटलं ती मला फाडून खाणार, आणि तिचा तो हक्कच होता. तिनं माझ्या साक्षीनंतर दोन दिवसांचे उपास सुरू केले होते, चक्कर येऊन पडली होती, हे मला आजच कळलं. ती म्हणाली, "बाई, मला तुमचा लई राग आलता. आता जरा कमी झाला." मग रिक्षा मिळेपर्यंत मी तिच्या पोराला कडेवर घेऊन उभी होते. चांगला जड आहे.

मावशी, माफ करा. पत्रात लिहिणं सोपं आहे हे मला कळतं. मी मोनाला घेऊन येऊ का? संग्राम मला दारात उभी करणार नाही असं वाटलं तर तसं कळवा, तिला बसमध्ये बसवून कंडक्टरला सांगून पाठवता येत नाही म्हणून मी सोबत येईन आणि रस्त्यावर थांबेन. तुमच्या मुलाविषयी मी जे बोलले ते त्याच्या कानावर गेलं असणारच.

क्रांती, हे तू आजीला दोनदा वाचून दाखव.

तुमची
प्रीती


३ ऑगस्ट २०२५

मावशी,
जयभीम, सलाम.

काल सुखरूप पोचले. तुम्ही बांधून दिलेली भाकरी बसमध्ये खाल्ली. घर मोकळं वाटतंय.

संग्राम दारात उभी करणार नाही असं मी लिहिलं होतं, तर तोच पुढं आला, हातातली पिशवी घेतली आणि कानाशी ओरडून म्हणाला, "बाई, सुट्टीदिशी यायचं की! आज माग चालू हायती, काय सुदिक ऐकू येत न्हाय. सुट्टीला आला तर निवांत बोलता येतंय." तुमच्या घराला लागूनच यंत्रमागांची शेड असेल हे मला कसं कळणार? मी आयुष्यभर शांत वर्गात बोट ओठांवर ठेवून उभी राहिलेली बाई, त्या खडखडाटात मला माझाच आवाज येईना. माफी मागायची म्हणून येताना पाठ केलेलं सगळं मी तुम्हाला बोलले, तुम्ही मान हलवत होता, पण त्यातलं एक अक्षर तुम्हाला ऐकू आलं नाही हे मला दिसत होतं. नंतर तुम्ही माझा हात धरून चहाकडे बोट केलंत.

मोना पळत तुमच्याकडे गेली. मिठी नाही, काही नाही. तुम्ही मागासाठी सूत गुंडाळून कांड्या भरत होता, ती तुमच्यासमोर बसली आणि रिकाम्या कांड्या उचलून द्यायला लागली. मी शेडच्या दारात खुर्ची घेऊन बसले. आणि मग मावशी, मला तिचे ओठ हलताना दिसले.

एक शब्द नव्हता तो. लांबलचक काहीतरी. तुम्ही तिच्या तोंडापाशी कान नेलात, काहीतरी म्हणालात, आणि ती परत बोलली. हात हलवून बोलली. माझ्यापासून तीन पावलांवर माझी मुलगी वाक्यं बोलत होती आणि मला फक्त माग ऐकू येत होते. मी उठले. एक पाऊल पुढं टाकलं, मान वाकवली. तिनं माझ्याकडे बघितलं आणि तोंड मिटलं. मी मागं जाऊन बसले. थोड्या वेळानं ओठ परत हलायला लागले. माझ्याच्यानं राहवेना, मी पुन्हा उठले. पुन्हा मिटलं. तिसऱ्यांदा मी उठले नाही.

बसमध्ये मला दुसरं काही सुचत नव्हतं. सात वर्षं मी तिच्या तोंडाकडे बघत आले, भुकेलं माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे बघतं तसं. ती काही बोलणार असं वाटलं की मी झडप घालायला तयार. तुम्ही मिरचीकडे बघत होता. तिला भूक लागली का एवढंच तुम्हाला हवं होतं. मला तिच्याकडून सारखं काहीतरी हवं होतं, देवाकडून सारखं काहीतरी हवं होतं, आणि दोघंही माझ्यापुढं गप्प बसले.

निघताना तिनं तुमच्या दाराची चौकट धरली ते तुम्ही बघितलंत. ओढून आणता आली असती, सात वर्षांची पोर ती. मीच म्हटलं, राहू दे आठ दिवस. शाळेला काय सांगायचं ते मी बघते, मास्तरणीची पोर आहे, तेवढं चालतं. तुम्हाला वाटलं असेल बाईचं मन मोठं आहे. तसलं काही नाही. हेवा गेला असं मी लिहिलं तर मला पुन्हा चर्चमध्ये उभं राहावं लागेल. काल बसमध्ये शेजारच्या बाईचं पोर तिला बिस्किट मागत होतं, मला त्या बिस्किटाचासुद्धा हेवा वाटला. शुक्रवारचा उपास मी चालू ठेवला आहे. काय मागायचं ते पूर्वी तयार असायचं, आता नुसती बसते आणि सहन करायला बळ दे म्हणते. ते रोज थोडं थोडं मिळतं, साठत नाही.

स्टँडपर्यंत सोडायला आलात तेव्हा तुम्ही म्हणालात, "काय म्हणत हुती ती, इचारा की." बस लागली होती. पण बस नसती तरी मी विचारलं नसतं. विचारावंसं फार वाटत होतं. रात्रभर वाटत होतं, आत्ता लिहितानाही वाटतंय. तरी क्रांती, आजीला सांग, मोना काय बोलली ते मला कळवू नका. पत्रातही नको, फोनवरही नको.

शनिवारी शाळा अर्धा दिवस असते, दुपारच्या बसनं येते. संग्रामला म्हणावं, सुट्टीच्या दिवशी मी येणार नाही. माग चालू असतानाच येईन, आणि तुम्ही दिलंत तर कांड्या भरायला बसेन. तिच्याकडे पाठ करून.

तुमची
प्रीती